शहाणपण कोणाचे?

राशोलची टेकडी चढताना मला दर वेळी एकच कोडे पडते. ज्या धर्माचा मोठा आचार्य जगाच्या शहाणपणाला वेडेपणा म्हणतो, त्याच धर्माच्या एका पाद्रीने मराठी ओवीवर एवढी मेहनत का घेतली असेल?

हा आचार्य म्हणजे संत पौल. इ. स. ५५ च्या सुमारास त्याने एफिसहून करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले. करिंथ हे गजबजलेले ग्रीक बंदर. तिथल्या मंडळीत तट पडले होते. कोणी पौलाचा, कोणी केफाचा, तर कोणी आलेक्सांद्रियाहून आलेल्या वाक्पटू अपुल्लोसाचा. गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी असलेल्या क्रूसावर तारणारा मरतो, ही गोष्ट ग्रीकांच्या तर्कात बसत नव्हती. पौलाने तिलाच देवाचे शहाणपण ठरवले.

मग विद्या टाकून द्यायची काय? तसे नाही. प्रेषितांच्या कृत्यांत हाच पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे ग्रीक कवींचा आधार घेतो. माझ्या मते त्याचा रोख विद्येवर नसून विद्येच्या ताठ्यावर आहे.

इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असे त्याने १५८३ साली भावाला कळवले. शिकवायला आलेला हा माणूस आधी शिकायला बसला. त्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ झाले आणि १६१६ साली राशोलला छापले गेले.

पण गोवेकर म्हणून दुसरी बाजूही विसरता येत नाही. याच राशोल किल्ल्याच्या कप्तानाने १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली. आमची शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली ती त्याच काळात. पुढे १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. आपले शहाणपण तेच देवाचे, असे सत्तेला वाटू लागले होते. पौलाने करिंथकरांना ज्या ताठ्याबद्दल बजावले, तोच हा ताठा. फक्त आता तो त्याच्याच अनुयायांच्या अंगी आला होता.

१६५४ च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले गेले ते थेट १९०७ साली, मंगळूरला. मधली अडीचशे वर्षे ते हस्तलिखितांतून टिकले. हुकूम काढणारे गेले, ओवी उरली. ती लिहिणाऱ्याने आपल्या भाषेपुढे मान तुकवली होती, एवढे मात्र मला राशोलला गेलो की आठवते.