जत्रेतला पाळणा आणि गोराईचा पाळणा

गोराईच्या एस्सेल वर्ल्ड या पाळण्यांच्या पार्कचा विषय निघाला की आमच्या घरातली चाळिशीतली पोरं एकदम हळवी होतात. पुतण्या टॉप स्पिनचं नाव काढतो, भाचीला अ‍ॅक्वा डाइव्हमध्ये भिजलेला फ्रॉक आठवतो, आणि टीव्हीवरच्या त्याच्या जाहिरातीचं गाणं कुणीतरी सुरू करतंच. मग वाद रंगतो तो एकाच प्रश्नावर: इतकं चाललेलं पार्क बंद कसं पडलं? मला कुणी विचारत नाही. पण माझी उभी हयात मुंबईतल्या लिफ्टांना ग्रीस भरण्यात गेली. लिफ्ट काय आणि पाळणा काय, दोन्ही माणसाला अधांतरी नेणारी यंत्रं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी खालून, म्हणजे बेअरिंगच्या बाजूनं शोधतो.

एस्सेल वर्ल्डच्या आधी मुंबईला पाळणे ठाऊक नव्हते असं नाही. माहीमला मखदूम शाह बाबांच्या उरुसात, सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत पाळणे लागत, आजही लागतात. जुना पाळणा लाकडी, चार खुर्च्यांचा. दोन गडी हातानं ओढून तो फिरवत. पुढे लोखंडी आले, इंजिनावर फिरणारे, दिव्यांच्या माळा लावलेले. या पाळण्यांची एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जत्रा उठली की पाळणा उतरतो, ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी पुन्हा जोडला जातो. म्हणजे त्याचा प्रत्येक नटबोल्ट वर्षातून कितीतरी वेळा कुणाच्या तरी हातातून जातो. पिन वाकली असेल तर ती भोकात बसतच नाही. आस झिजला असेल तर जोडतानाच कळतं. जत्रेतले पाळणे निर्धोक असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. घाईत जोडलेला पाळणा केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. पण उतरवण्याच्या निमित्तानं त्याची तपासणी आपोआप होते, एवढं खरं.

मग पाळण्यांनी एका जागी कायमचे पाय रोवले. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांचं बोधचिन्ह होता अप्पू हत्ती. त्याच्या नावानं १९८४ मध्ये प्रगती मैदानाच्या आवारात अप्पू घर उघडलं. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. ते उभं करणारे सुभाष चंद्रा मूळचे हरयाणातल्या हिसारकडचे, धान्याच्या व्यापारातले. टूथपेस्टच्या बहुपदरी ट्यूब बनवण्याच्या धंद्यात ते आधीच उतरलेले होते. झी टीव्ही पुढचा, १९९२ चा. म्हणजे घरबसल्या करमणूक विकण्याआधी या माणसानं लोकांना घराबाहेर काढून करमणूक विकली होती.

आणि काढलं ते कुठे, तर खाडीपलीकडे. गोराई, मनोरी, उत्तन हा सगळा पट्टा कोळ्यांचा, ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांचा, मिठागरांचा आणि तिवरांचा. रस्त्यानं जायचं तर भाईंदरवरून लांबचा वळसा. म्हणून बहुतेक लोक बोरिवलीच्या बाजूनं गोराईच्या धक्क्यावर, नाहीतर मालाडहून मार्वेला जात आणि लाँच पकडत. त्या खाडीच्या पाण्यानं अर्धी जादू केलेली असायची. पोरांना वाटे आपण परदेशीच निघालो. एकदा आत शिरलं की एकाच तिकिटात दिवसभर पाळणे. जत्रेत दर फेरीला सुट्टे पैसे मोजणाऱ्या बापाला हा हिशेब फार सोयीचा होता. सकाळी पोहोचायचं, डबा खायचा आणि दिवेलागणीपर्यंत पैसे वसूल करायचे.

आम्ही गेलो तेव्हा घरचे सगळे रांगेत आणि मी कुंपणापाशी. ‘अहो, सुट्टीच्या दिवशी तरी मशिनं बघू नका,’ असं आमच्या सौ. म्हणाल्या, पण मला कुठलं राहवतंय! एंटरप्राइझ नावाची राइड मी बराच वेळ पाहत होतो. आडवं पडलेलं मोठं चाक, त्याच्या कडेला पिंजऱ्यासारखे डबे. चाक आधी जमिनीलगत आडवंच फिरू लागतं. वेग पुरेसा आला की मधला दांडा हायड्रॉलिकच्या जोरावर उचलला जातो आणि चाक जवळजवळ उभं राहतं. माथ्यावर डबा उलटा होतो, पण आतला माणूस पडत नाही, कारण फिरण्याच्या जोरानं तो आसनाला चिकटलेला असतो. आता हे एका मेकॅनिकच्या डोळ्यांनी बघा. दांडा उचलणाऱ्या सिलिंडरचं ऑइल सील पाझरायला लागलं तर दाब टिकत नाही. मधल्या मोठ्या बेअरिंगला खाच पडली तर सबंध चाक हादरतं. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजत राहतात. एखाद्या लिमिट स्विचच्या संपर्कावर गंज धरला तर यंत्र सुरूच होत नाही, आणि होऊही नये. लिफ्टचं दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही, तेच तत्त्व इथे.

आता यात खाडीचा वारा मिळवा. मिठाचा अंश असलेली हवा लोखंडाला बारा महिने चाटत असते, त्यात चार महिने पाऊस. कुलाब्याच्या, वरळीच्या इमारतींतल्या लिफ्टा आतल्या भागातल्या लिफ्टांपेक्षा आधी गंजायच्या, हे आमच्या धंद्यातल्या पोऱ्यालाही माहीत होतं. समुद्राकाठच्या कुठल्याही पार्कात देखभालीचा खर्च यंत्राच्या वयाबरोबर चढत जातो. लोकांना मात्र जुन्या यंत्राचं नवल उरलेलं नसतं, त्यामुळे कमाई उतरत जाते. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी लागते. आधी एका राइडवर, मग दुसरीवर. एखाद्या बंद यंत्राचा सुटा भाग दुसऱ्याला बसवून भागवलं जातं, की ते पहिलं यंत्र कायमचं संपतं. कितीतरी जुनी पार्कं अशीच मरतात, आणि कुलूप लागतं ते फार पुढे. म्हणून बंद पडण्याची एक तारीख शोधणाऱ्यांना ती सापडत नाही.

गोराईत या यंत्रांना शेजाऱ्याचीही स्पर्धा झाली, आणि तो शेजारी घरचाच होता. १९९८ मध्ये लागूनच वॉटर किंगडम उघडलं. पाण्याच्या घसरगुंडीत फिरतं काहीच नाही. फायबरची नळी, वर पाणी चढवणारे पंप, गाळणी आणि क्लोरीन. बिघडण्यासारखं जे काही, ते बहुतेक जमिनीवरच्या पंपघरात. मुंबईच्या उकाड्यात गिऱ्हाईकाला पाणीच हवं, आणि फिटरलाही पाणीच परवडतं. एस्सेल वर्ल्डमध्ये बर्फावर घसरायची रिंकसुद्धा होती. कोकणपट्टीच्या दमट हवेत बर्फ धरून ठेवायचा म्हणजे कॉम्प्रेसरला उसंत नाही. हौसेचं मोल विजेच्या बिलात कसं उतरतं, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

आजूबाजूची मुंबईही बदलत होती. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरचं फँटसीलँड हे पार्क केव्हाच इतिहासजमा झालं. एस्सेल वर्ल्डशेजारी सुभाष चंद्रांनीच दिलेल्या जमिनीवर गोएंका गुरुजींचा विपश्यना पॅगोडा उभा राहिला. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. एकीकडे किंकाळ्या, दुसरीकडे मौन, आणि दोन्हीकडे जाणारी लाँच एकच. याच पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्राचा घाट घातला गेला तेव्हा गावकऱ्यांनी कंबर कसून विरोध केला. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका हे पार्क उघडलं, द्रुतगती मार्गाच्या हाताशी, नव्या कोऱ्या यंत्रांसह. ज्या खाडीनं नव्वदच्या दशकात गंमत आणली, तीच आता गाडीवाल्यांना अडचण वाटू लागली. मग २०२० ची टाळेबंदी आली. त्यानंतर वॉटर किंगडममध्ये पाणी पुन्हा वाहू लागलं. पाळणे थांबले ते थांबलेच.

दिल्लीचं अप्पू घर तर २००८ मध्येच गेलं. तिथे यंत्रांपेक्षा जमिनीचं मोल मोठं ठरलं. ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला आणि मेट्रोला हवी होती.

जुना पाळणा टिकवताच येत नाही का? येतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर सायक्लोन नावाचा रोलर कोस्टर १९२७ पासून चालू आहे, तोही समुद्रकिनाऱ्यावर, त्याच खाऱ्या वाऱ्यात. सांगाडा पोलादी, रूळ लाकडाच्या थरांवर बसवलेले. १९८८ मध्ये त्या शहरानं त्याला वारसा-वास्तूचा दर्जा दिला. पण नुसत्या दर्जानं यंत्र चालत नाही. तिथे थंडी पडली की पाळणे बंद होतात आणि त्या महिन्यांत कुजलेल्या फळ्या बदलतात, गाड्या उघडून तपासतात. आमच्या जत्रेतल्या पाळण्याला जे गाव बदलण्यामुळे मिळतं, ते त्यांच्याकडे ऋतू बदलल्यामुळे मिळतं. आपल्याकडच्या पार्कांना अशी सक्तीची रजा नाही. मे महिन्यात शाळांची सुट्टी, मग दिवाळी, मग नाताळ. उघडून बसायचं कधी?

म्हणून पोरांनी हळहळ करावी, माझी ना नाही. पण गाण्यापुरती आणि तिकिटाच्या अर्धुकापुरती हळहळ करून या जागेचा इतिहास लिहिला जाणार नाही. गिरण्यांचा इतिहास आपण कामगारांकडून ऐकला, नाटक कंपन्यांचा पडदे ओढणाऱ्यांकडून. पाळण्यांचा अजून कुणी विचारलाच नाही. अशा यंत्रांच्या रोजच्या तपासणीची वही असते: तारीख, वेळ, कुठे ग्रीस भरलं, कुठला बोल्ट बदलला, खाली सही. लिफ्टांच्या अशा कितीतरी वह्या मी स्वतःच्या हातानं भरल्या, आणि इमारत पाडताना त्या रद्दीत जाताना पाहिल्या. या महामुंबईत जिथे कुठे पाळणे चालवलेला एखादा फिटर, ऑपरेटर निवृत्त होऊन बसला असेल, त्याला आधी गाठावं. कोणती राइड कधी थकली, तिचा कोणता भाग मिळेनासा झाला, हे तोच तारखेसह सांगू शकेल. पार्क बंद कसं पडलं, या आमच्या घरातल्या वादाचं उत्तर त्याच्या सहीखाली आहे.