शेताची वाट : ‘गरज’ कुठे संपते आणि ‘सोय’ कुठे सुरू होते?

संशोधनाच्या आराखड्यात आपण ‘आवश्यक’ हा शब्द सहज लिहून टाकतो. कायद्यात मात्र या एका शब्दावर शेतं अडतात. कसं, ते बघा.

समजा, पारोळ्याच्या शिवारात तीन भावांची वाटणी झाली आणि मधल्याचं शेत चारही बाजूंनी अडकलं. कापसाची गाडी बाहेर काढायची कुठून? १८८२चा भारतीय सुविधाधिकार कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याचं कलम १३ सांगतं, की वाटणीनंतर दुसऱ्याच्या हिश्श्यातून गेल्याशिवाय आपला हिस्सा वापरताच येत नसेल, तर वाटेचा हक्क मिळतो. न्यायालयांनी इथली ‘गरज’ कडक अर्थाने घेतली. दुसरी वाट लांबची आहे, चिखलाची आहे? असू दे, वाट आहे ना! मग गरजेचा हक्क नाही. कलम ४१ तर म्हणतं, गरज संपली की हक्कही संपला.

एवढा कडकपणा का? कारण एकाची वाट म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा बोजा.

हीच चाळणी आपल्या न्यायदर्शनात ‘अन्यथासिद्ध’ या नावाने आहे. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, पण माती दुसरीकडूनही येऊ शकते. म्हणून गाढव हजर असलं तरी ते मडक्याचं कारण ठरत नाही. ज्याच्याशिवाय भागतं, ते कारणांच्या यादीतून बाहेर.

आता १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम काढा. कलम १४३नुसार बांधावरून रस्ता द्यायचा की नाही, हे तहसीलदार ठरवतात. आणि ठरवताना शेतकऱ्याला शेतात ‘वाजवी’ रीतीने जाता यावं, ही गरज लक्षात घ्यायची असते. म्हणजे ‘त्याशिवाय अशक्य’ ही कसोटी जाऊन ‘वाजवी’ आली. माझ्या मते हा बदल मोठा आहे. पहिला कायदा मालकी सांभाळतो, दुसरा शेती चालू राहावी हे बघतो. बोजा मात्र तोच, शेजाऱ्याच्या बांधावरचा.

तेव्हा जुना कायदा किंवा निकाल वाचताना ‘गरज’ दिसली, की तिथेच थांबा. तिची कसोटी कोणती, आणि ती मान्य केल्यावर भार कोणावर पडतो, हे दोन प्रश्न समासात लिहून ठेवा. आपल्या आराखड्यातल्या ‘आवश्यक’लाही हेच विचारा.