सही केली म्हणजे हिशेब संपला का?

बँकेत जाऊन विचारा, "साहेब, हे पैसे कशाचे कापले?" उत्तर ठरलेलं असतं : "खातं उघडताना फॉर्मवर सही केलीय ना तुम्ही?" नाशिकमध्ये बातमीदारी करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याचा इतिहास सांगायलाच हवा. मुळात हे वाक्य सावकाराचं आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजार. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. लोण आपल्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरलं. माणसांवर हात फार कमी ठिकाणी उठला. राग होता तो कागदावर. वाचता न येणाऱ्याचा अंगठा रोख्यावर घ्यायचा, फेडलेल्या पैशाची पावती द्यायची नाही, आणि कोर्टात रोखा पुढे करायचा. कोर्ट अंगठा बघून निकाल द्यायचं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या दोन गोष्टी आजही लक्षात ठेवण्यासारख्या. एक, रोख्यावर सही असली तरी न्यायाधीशाने व्यवहार पहिल्यापासून तपासायचा. दोन, शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क. हो, पासबुक!

आता आपल्या काळात या. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत एकट्या स्टेट बँकेने किमान शिल्लक नसल्याबद्दल १,७७१ कोटी रुपये वसूल केले. जुलै-सप्टेंबरच्या तिमाही नफ्याहूनही ही रक्कम जास्त! आकडा बाहेर आला, देशभर ओरड झाली, दंड कमी झाला आणि मार्च २०२० मध्ये तो रद्दच झाला. म्हणजे बोललं की फरक पडतो.

बचत खात्याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायचं, भरणा करायला किमान एक महिना द्यायचा. दंड जितकी तूट त्या प्रमाणात. आणि निव्वळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये.

तेव्हा मंडळी, काउंटरवर वाद घालू नका. लेखी अर्ज द्या : कोणत्या तारखेला, किती, कोणत्या नियमाने कापले आणि मला कधी कळवलं? पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही.

दोनशे-तीनशे रुपयांसाठी कोण भांडणार, असं आपण म्हणतो. पण ज्याच्या खात्यात मुळात पाचशेच असतात, त्याला विचारा. सुप्याच्या लोकांना हिशेबासाठी आग लावावी लागली. आपल्याला एक अर्ज पुरतो.