झाडात पाणी वर कसे चढते?

मंडळी, इथल्या मराठी घरात कुंडीतला कढीपत्ता म्हणजे घरातले एक माणूसच. माझे दोन कढीपत्ते लागोपाठ दोन हिवाळ्यांत गेले. पाने मलूल दिसली की मी आणखी पाणी घालायचो. चूक नेमकी तिथेच होती, आणि ती समजायला झाडाचे प्लंबिंग पाहावे लागते.

शाळेत आपण मूलदाब आणि केशाकर्षण शिकलो. दोन्ही खरे, पण अपुरे. मूलदाबामुळे पहाटे टोमॅटोच्या पानांच्या कडांना थेंब दिसतात. केशाकर्षणाने झाडाच्या बारीक नळ्यांत पाणी फार तर एक-दीड मीटर चढेल. वरून हवा खेचणारा पंप लावला तरी साधारण १० मीटरच्या वर पाणी येत नाही. मग कॅलिफोर्नियातल्या रेडवूडचे काय? २००६ साली सापडलेला 'हायपेरियन' ११५ मीटरहून उंच आहे!

याचे उत्तर डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली डब्लिनमध्ये मांडले. पानांच्या पर्णरंध्रांतून वाफ बाहेर जाते. गेलेल्या पाण्याची जागा घ्यायला मागचे पाणी खेचले जाते आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्याने ही ओढ थेट मुळांपर्यंत पोचते. विहिरीतून पोहरा ओढावा तसेच, फक्त इथे दोरही पाण्याचाच. शक्ती पुरवतो सूर्य. पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिन्या तर मेलेल्या पेशींच्या असतात! (आपल्या जगदीशचंद्र बोसांचे मत वेगळे होते. जिवंत पेशी स्पंदन पावून पाणी वर ढकलतात, असे त्यांनी १९२३ च्या पुस्तकात मांडले. पुढे ते टिकले नाही, पण प्रश्नाला हात घालायची त्यांची हिंमत मला आवडते.)

हा दोर तुटू शकतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की ती नळी निकामी. म्हणूनच फुलदाणीतल्या फुलांचे देठ पाण्याखाली धरून कापावेत.

आता कढीपत्ता. हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा पानांतून पाणी ओढत राहते. खिडकीतली माती मात्र गार, आणि गार मुळे पाणी कमी शोषतात. त्यात आपण कुंडी भरली की मातीतली हवा जाते, मुळे गुदमरतात आणि आणखीच कमी पाणी घेतात. म्हणजे ओल्या मातीत उभे राहून झाड तहानलेले! वरून दिसते ते फक्त मलूल पान.

माझा तिसरा कढीपत्ता आता हीटरच्या झोतापासून दूर आहे, कुंडीला खाली भोक आहे आणि बोट इंचभर खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी मिळते. फेब्रुवारीत थोडी पाने गळली, एप्रिलमध्ये नवे कोंब आले.