धान पिकविणाऱ्याचे ताट

आम्ही धानाच्या मुलखातले लोक. दवनीवाड्याहून कोणत्याही दिशेला निघावे, तर बांध्यांमागून बांध्या लागतात. मृगाचा पाऊस पडला की पऱ्हे टाकावयाचे, मग चिखलात उभे राहून रोवणी करावयाची, आणि दिवाळीच्या सुमारास विळा हाती घ्यावयाचा, हाच आमचा पंचांग. १९५३ साली देशभर 'जपानी पद्धती'च्या भातशेतीची मोहीम निघाली, तेव्हा आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. बियाणे थोडे वापरा, रोपे गादीवाफ्यावर वाढवा, लावणी ओळीने करा, खत भरपूर द्या, असा त्या पद्धतीचा उपदेश होता. जपानी शेतकरी धान कसे लावतो, याची चौकशी त्या वेळी पुष्कळ झाली. तो खातो काय, हे विचारावयाचे मात्र राहून गेले. आज आपल्याकडील पुष्कळ मंडळी जपानला जाऊन येतात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

जपानचे म्हणून जगाला ठाऊक असलेले पदार्थ पाहिले, तर ते बहुतेक शहरांचे आहेत. भाताच्या मुटक्यावर ताज्या मासळीचा तुकडा ठेवलेली सुशी एदो शहराच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या रस्त्यांवर १८२० च्या सुमारास लोकप्रिय झाली. पिठात घोळून तळलेला तेंपुरा पोर्तुगीजांच्या संपर्कातून आला, असे सामान्यतः मानतात. आणि पोर्तुगीजांची पूर्वेकडील राजधानी तर आपला गोवा! १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा घेतलेल्या अंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि १५४९ च्या ऑगस्टमध्ये कागोशिमास उतरला. सुकियाकी हा गोमांसाचा पदार्थ त्याहून पुष्कळ अलीकडचा. ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा इत्यादी प्राण्यांच्या मांसावर बंदी घातली होती, आणि १८७२ साली सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाल्यावर ते प्रतिष्ठित झाले. हे सारे पदार्थ चांगलेच आहेत. परंतु त्यांत बंदर दिसते, बाजार दिसतो, दरबार दिसतो. धान पिकविणारा दिसत नाही.

तो का दिसत नाही, याचे उत्तर करपद्धतीत सापडते. तोकुगावा राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, जमिनीचा सारा मुख्यतः तांदळात घेत. सरदाराची प्रतिष्ठा 'कोकु' या मापाने मोजली जाई. एक कोकु म्हणजे सुमारे १५० किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, असा हिशेब. पिकाच्या दहा वाट्यांपैकी चार-पाच वाटे साऱ्यात जात. मागे उरलेल्या तांदळात शेतकरी जव, राळ्यासारखी भरड धान्ये आणि मुळा मिसळून दिवस काढी. इकडे एदोचे नागरिक पांढराशुभ्र सडलेला भात खात आणि त्यापायी बेरीबेरीने आजारी पडत. त्या दुखण्याला 'एदोचा रोग' असेच नाव पडले होते. म्हणून खेड्यातील पदार्थ हे उरलेल्याचे, जपून ठेवलेल्याचे आणि सणापुरत्या मिळालेल्याचे पदार्थ होत. प्रवाशाने शोधावेत ते हेच.

उत्तरेकडील आकिता प्रांतात 'किरितांपो' मिळतो. शिजलेला भात अर्धवट कुटावा, देवदारासारख्या सुगी वृक्षाच्या काठीभोवती थापावा, निखाऱ्यावर खरपूस भाजावा आणि कोंबडीच्या रश्श्यात सोडावा. रानात राहणाऱ्या शिकारी व लाकूडतोड्यांची ही शिदोरी, असे सांगतात. नागानो आणि गिफूच्या डोंगरांत तसाच 'गोहेइमोची' करतात. त्याला अक्रोड आणि सोयाबीन आंबवून केलेला मिसो यांचा लेप देऊन भाजतात.

क्योतोजवळच्या बिवा सरोवराकाठी 'फुनाझुशी' मिळते. आम्हां तलावांच्या जिल्ह्यातील लोकांना तिचे विशेष अगत्य वाटावे. तळ्यातील मासळी आधी काही महिने मिठात ठेवतात. नंतर पिंपात भाताचे आणि मासळीचे थर देऊन, वर दगडाचे वजन ठेवून कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ आंबवितात. वास उग्र, चव आंबट. परंतु शहरी सुशीची ही पणजी आहे. इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या राजकीय नियमसंग्रहात करादाखल द्यावयाच्या जिनसांत सुशीही आहे. मासळी टिकविण्याची गरिबाची युक्तीसुद्धा राजाने साऱ्यात लावून घेतली!

शरद ऋतूत दिवसरात्र समान होतात, तेव्हा जपानी लोक पूर्वजांच्या थडग्यांना जातात आणि 'ओहागी' अर्पण करतात. चिकट तांदळाच्या गोळ्याला अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड पुरण बाहेरून लिंपलेले असते. पुरण आत न भरता बाहेर, एवढाच काय तो फरक. आमचा पितृपक्षही त्याच सुमारास येतो.

'ओचाझुके' तर सर्वांत साधा. उरलेल्या भातावर गरम चहा ओतावा, सोबत खारवलेले आंबट उमे फळ घ्यावे, झाले जेवण. क्योतोत यजमानाने हा पदार्थ देऊ केला, तर पाहुण्याने निघण्याची वेळ झाली असे समजावे, अशी विनोदी आख्यायिका आहे.

शाकाहारी प्रवाशाने एक सावधगिरी घ्यावी. ज्यात मासळीचा तुकडा दिसत नाही, त्या रश्श्यातही सुक्या बोनितो मासळीचा अर्क बहुधा असतो. त्याने कोया पर्वतावरील मठांत जावे. तेथील 'शोजिन' भोजनात समुद्रशेवाळ आणि अळंबी यांचा अर्क वापरतात. तिळाचे 'गोमादोफू' आणि थंडीत गोठवून सुकविलेले सोयाबीनचे 'कोयादोफू' अवश्य चाखावे. दोगेन या झेन आचार्याने १२३७ साली मठातील आचाऱ्याच्या कर्तव्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. स्वयंपाक ही तेथे साधनाच मानली गेली.

२०१३ साली युनेस्कोने जपानी पारंपरिक भोजनाला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. त्याच्या कितीतरी आधीपासून तेथील खेड्यांनी आपले पदार्थ पाहुण्यापुढे न लाजता ठेवले होते. येथे आम्हांला स्वतःकडे पाहणे भाग पडते. आमच्याकडे पाहुणा आला की वासाच्या तांदळाचा भात शिजतो. कणीची पेज, आंबील, तांदळाच्या पिठाची भाकर, लाखोळीच्या पाल्याची भाजी, मोहफुलांचे गोड पदार्थ हे सारे चुलीमागे दडविले जाते. अख्खा दाणा गिरणीत गेला आणि कणी घरी राहिली, हा आमचाही इतिहास आहे. त्याची लाज बाळगण्यासारखे आम्ही काही केलेले नाही. हे पदार्थ ज्यांच्या हातांना येतात, त्या आज्या आता घराघरांतून थोड्याच उरल्या आहेत. उद्या कोणी आकिताचा शेतकरी दवनीवाड्यास आला आणि 'तुम्ही धान पिकविता, तर खाता काय?' असे त्याने विचारले, तर त्याच्यापुढे पेजेची वाटी ठेवता यावी. ती कशी करावयाची, हे तोवर कोणाला तरी आठवत असले पाहिजे.