माळवदाचे खाते

घरदुरुस्ती आपल्या हाताने करणे ही साहेबाची फॅशन, असे आमच्या बँकेतल्या काहींचे मत आहे. आमच्या राणीसावरगावाकडे ती माळवदाइतकीच जुनी. लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मृग जवळ आला की घरमालक टोपली घेऊन वर चढणार, भेगा बुजवणार, माती चोपणार. गवंड्याला बोलावणे म्हणजे कमीपणा!

हे खाते आमच्या बचत खात्याच्या अगदी उलट. दरसाल फक्त जमा, काढणे नाहीच! आजोबांच्या मातीवर वडिलांची, तिच्यावर आपली. उन्हाळ्यात खाली गारवा, मग तक्रार कोण करतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिकडेही घरे अशीच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, डोक्यावर पिढ्यांची माती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, पुष्कळशी झोपेतच.

पुढे इंजिनियर सांगू लागले, माळवदावरची माती कमी करा. आमच्या गल्लीतले एक काका अडून बसले, ‘‘बापानं टाकलेली माती पोरानं कशी काढावी?’’ शेवटी काढली. अंगणातला ढीग बघून काकू म्हणाल्या, ‘‘अगं बाई, एवढं डोक्यावर घेऊन निजत होताव की!’’