भिंतीवरचा तारपा

चारकोपच्या सेक्टरांमधून चक्कर मारली की एखादी तरी गेरूच्या रंगाची कंपाउंडभिंत भेटते. तिच्यावर पांढऱ्या माणसांचा फेर आणि मधोमध लांबडं, बाकदार काहीतरी फुंकणारा एकजण. पोरं त्याला पुंगीवाला म्हणतात. फार चुकत नाहीत. तारपा हे पुंगीचंच दांडगं भावंड.

वाळलेला भोपळा आतून कोरायचा, त्याला फुंकायला एक भोक ठेवायचं. दुसऱ्या अंगाला बांबूच्या दोन नळ्या, त्यांच्या भोपळ्यातल्या टोकांना बांबूचीच चिरलेली जीभ. सांधे मेणाने लिंपायचे. नळ्यांच्या शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा. सगळा ऐवज परसातला आणि रानातला.

खरी करामत श्वासाची. भात पिकायला लागलं की फेर रात्र रात्र चालतो आणि सूर तुटला तर पावलं अडखळतात. म्हणून तारपकरी गालात हवा धरतो, ती भोपळ्यात ढकलता ढकलताच नाकाने नवा श्वास ओढतो. उत्तर ऑस्ट्रेलियातले योल्ङू आदिवासी हीच युक्ती यिडाकी वाजवताना करतात. यिडाकी म्हणजे वाळवीने पोखरलेलं निलगिरीचं खोड, तोंडाशी मेण. त्यात जीभ नाही, ओठच थरथरतात. जगाला हे वाद्य ‘डिजेरिडू’ म्हणून ठाऊक आहे; ते नाव गोऱ्यांनी आवाजावरून पाडलं. या दोघांचं गोत्र एक म्हणायची घाई मात्र नको. दम पुरवायची अडचण एकच होती, उत्तरही एकच सापडलं.

तारप्याचं नाव तरी त्याच्या माणसांकडेच राहिलं. पण तो शहरात पोचला तो मुका होऊन, चित्रातून. डहाणूकडच्या गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वाजवणाऱ्याची पाळी यायला आणखी पंधरा वर्षं गेली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा पिढीजात तारपकरी. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२६ साली, वयाची नव्वदी उलटल्यावर. हा उशीर मला तरी शोभेचा वाटत नाही.

जव्हार इथून शंभरेक किलोमीटर. यंदा सोसायटीच्या पूजेला डीजे ठरवण्याआधी एखाद्या तारपकऱ्याला बोलावणं धाडा, आणि बिदागी डीजेइतकीच द्या.